शपथेबाहेरचा माणूस

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? राग येतो म्हणून. राघोदादाचा येतो, गल्लीचा येतो, आणि सगळ्यात जास्त – पण थांबा, तिथे येतोच.

मी सुरतेत कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. राहतो गोडादऱ्यात, खानदेशातून आलेल्या घरांच्या गल्लीत. गल्लीला एकच बोअर, आणि त्या पाण्यावरून रोज भांडणं. पाइप कापले जायचे. एकदा तर हंड्याने डोकं फुटलं. शेवटी ठरलं की मोटरची किल्ली एकाच्याच हाती द्यायची – राघोदादाच्या. दादा लूमच्या कारखान्यात मुकादम, आवाजाचा माणूस. तो म्हणेल ते अखेरचं, त्यावर कुणी बोलायचं नाही. आणि शपथ घ्यायची श्रावणात, कानबाईसमोर. आमच्याकडे नारळाची ती देवी बसली की भाऊबंदकीतले वैरीही एका पंगतीला रोट खातात. तिच्यापुढे दिलेला शब्द कोण मोडणार?

प्रत्येक घरातल्या कर्त्या माणसाने चौरंगाला हात लावून शपथ घेतली. राघोदादाने घेतली नाही.

गल्ली आजही म्हणते, त्याच्या मनात पहिल्यापासून पाप होतं, म्हणूनच घेतली नाही. बायका म्हणतात, पोरं म्हणतात. मी मान हलवतो. किती वर्षं हलवतोय!

खरं काय ते ऐका. आदल्या संध्याकाळी दादा माझ्याकडे आला होता. चप्पल बाहेर काढून, अवघडून बसला. म्हणाला, "सर, मी बी शपथ लेवाले जोयजे ना? सगळासले सारखं पानी देसू म्हनीसन?"

आणि मी – मी हसलो. शिकवायला बसलो! म्हटलं, दादा, करार माणसं आपापसांत करतात आणि सत्ता एकाला देतात. तो एक कराराच्या बाहेरच असतो. त्याने शब्द दिला की रोज कुणीतरी उठून म्हणणार, तुम्ही शब्द मोडलात. मग पुन्हा भांडणं सुरू. तुम्ही शपथ घ्यायची नसते.

हे मी वर्गात शिकवत होतो. त्यावर उठणारे आक्षेपही शिकवत होतो – ज्याने काही कबूलच केलं नाही, त्याला जाब कुणी आणि कशाचा विचारायचा? ते आक्षेप त्या संध्याकाळी कुठे गेले होते? सांगतो. माझं घर गल्लीच्या टोकाला होतं, पाणी शेवटी यायचं. निघताना दादा म्हणाला, "सर, तुम्हनी लाइन पहिली." मी नको म्हटलं नाही.

पुढे जे व्हायचं तेच झालं. दादाच्या भावांच्या टाक्या वाहू लागल्या. शोभाबाईने – नवरा गेलेला, घरी बसून साड्यांना टिकल्या लावून दोन मुली वाढवणारी – भर गल्लीत त्याला विचारलं, हे असं का? गल्लीत विचारणारी ती एकटी. दुसऱ्या दिवशी तिचा पाइप कापलेला होता.

ती माझ्याकडे आली. "सर, मन्हा मालकनी शपथ लिधी व्हती. मी कवय लिधी?"

शपथ नवऱ्याने घेतली होती, तिने कधी घेतली – काय नेमका प्रश्न होता! याच्यावर ग्रंथ लिहिले गेलेत. त्याचं खरं उत्तर मला येत होतं – बाई, तुम्ही नाही घेतली, आणि घेतली असती तरी तहानेने मरायची शपथ कुणी घेत नसतं. चला, मी येतो दादाकडे. एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "तुम्ही इथे राहिलात, इथलं पाणी प्यायलात, म्हणजे संमती दिलीच की."

तिला ते कळलं नसेल असं समजू नका. तिला पक्कं कळलं. ती पदर सावरून उठली आणि गेली. संताप येतो मला – त्या शिकलेल्या वाक्याचा, ते उच्चारणाऱ्या तोंडाचा. दादाने पाइप कापला, हे गल्लीला माहीत आहे. ते न्याय्य आहे हे तिला पटवायला बसलेला मी होतो, हे कुणालाच माहीत नाही.

उन्हाळाभर ती उधन्याच्या बाजूच्या नळावरून पाण्याचे हंडे वाहत राहिली. मग घर पडेल भावात विकून मुलींना घेऊन बमरोलीला भाड्याच्या खोलीत गेली. टेम्पो भरत होता तेव्हा मी खिडकीत होतो. तिने वर पाहिलं, तसा मी मागे सरलो.

त्या संध्याकाळी पाणी आलं. पहिली लाइन माझी. मी सगळ्या बादल्या भरून घेतल्या.