काचेच्या कडेचे दोन ठिपके

प्रयोगशाळेत त्यांना सगळे काका म्हणत. तेहतीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेला माणूस, आणि तोंडाचा भलताच फटकळ. जंतू ओळखणं त्यांच्या मते माणसं ओळखण्यापेक्षा सोपं. आधी जांभळा रंग चढवायचा, मग स्पिरिटनं धुवायचं. जाड भिंतीचे जंतू जांभळा रंग सोडत नाहीत. पातळ भिंतीचे सोडतात आणि नंतरच्या गुलाबी रंगात रंगतात. मग आकार बघायचा, गोल की कांडीसारखा. एवढं कळलं की डॉक्टरला औषध ठरवता येतं.

काकांची एक शिस्त होती. प्रत्येक काचेच्या दोन्ही कडांना ते ओळखीच्या जंतूंचा एकेक ठिपका लावत, एक जांभळा होणारा, एक गुलाबी. मधला नमुना रुग्णाचा. कडेचे ठिपके चुकले तर काच बाद.

गेले दोन महिने जांभळा ठिपका त्यांना मळकट तांबूस दिसत होता. त्यांनी रंगाच्या बाटल्यांना शिव्या घातल्या, तीनदा बदलून घेतल्या. काचा मात्र बाद केल्या नाहीत. जरा गडद तो जांभळा, अशा अंदाजानं रिपोर्ट देत राहिले.

त्या दुपारी एका तान्ह्या बाळाच्या पाठीतलं पाणी तपासायला आलं. बाळाची डॉक्टर दारातच उभी. "काका, लवकर सांगा ना. औषध कुठलं देऊ?"

तिन्ही ठिपके सारखेच दिसत होते. काकांनी दुसरी काच रंगवली, सेकंद मोजून धुतली. तेच. आता अंदाजही चालेना. शेजारच्या टेबलावरच्या बाईंशी त्यांचं वीस वर्षं विळ्याभोपळ्याचं सख्य. तरी ते उठले.

"बाई, जरा बघता का?"

बाईंनी डोळा लावला. "यात काय बघायचंय? जांभळे, गोल, जोडीजोडीनं. कडेचे दोन्ही ठिपके झकास उतरलेत."

दोष बाटलीत नव्हता. काका मटकन स्टुलावर बसले.

"जांभळे, गोल. बाईंनी बघितलंय, मी नाही," त्यांनी डॉक्टरला सांगितलं. ती धावत गेली.

बाईंच्या सगळं लक्षात आलं. "मोतीबिंदू असेल हो," त्या पहिल्यांदाच मऊ आवाजात म्हणाल्या. "होतात डोळे बरे."

"डोळ्यांचं सोडा." काकांनी कपाट उघडलं आणि दोन महिन्यांच्या जपून ठेवलेल्या काचांचे खोके एकेक करून बाईंच्या टेबलावर मांडले. "या सगळ्या बघा. जिथं चुकलो असेन तिथलं नाव सांगा. त्या घरी मी स्वतः जाईन."

बाईंनी पहिली काच लावली. काका समोर उभे राहिले. त्यांना बसवेना.