दारात आम्ही दोघं
बुटांच्या पॉलिशचा वास आला की मला आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातली ती उन्हाची दुपार आठवते. भनपुरीत ट्रकखाली येऊन एक माणूस दगावला होता, आणि त्याच्या बायकोला सांगायला निघालेला हवालदार चकचकीत बुटांनी आधी माझ्या दारी आला. "महाराज, तुमी तिच्या घरी पूजा सांगता. संग चला, तुमाले बोलता येते." मी निघालो, पण मनात म्हटलं, वर्दी याच्या अंगावर आहे, सांगेल तोच. ती अंगणात पापड वाळवत होती. मला पाहून हसली. "आज काहून आले जी, महाराज? पूजा तं गुरुवारी आहे ना?" मग माझ्यामागे तिला वर्दी दिसली. आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. शेवटी तीच ओरडली, "बोला ना कोणीतरी!" हवालदार बोलला. मी माझ्या चपलांकडे पाहत उभा होतो. शेजारणी धावत आल्या, तेव्हा आम्ही बाहेर पडलो. गल्लीत तो म्हणाला, "घरी गेल्यावर हे कोणाले सांगता, महाराज?" "कोणालेच नाही." "मी बी नाही. पोरगी भेते मंग." त्याला पुढची ड्यूटी होती, मला एका बारशाला जायचं होतं. तिथे मी नेहमीसारखा हसलो, पेढाही खाल्ला. एवढ्या वर्षांत कितीतरी घरांना मी धीर दिला, पण माझ्या मनावरचं ओझं ओळखणारा तो एकच माणूस भेटला, आणि त्याला मी साधं चहाला थांबा म्हटलं नाही.