रविवारी आंबा उतरवायचा होता

आमच्या आणि शेजारच्या घरामध्ये शेराच्या झुडपांचं कुंपण आहे आणि कुंपणातच राजापुरी आंब्याचं एक मोठं झाड आहे. पूर्वी ही सगळी एकच चिकूची वाडी होती. तिचे तुकडे पडले तेव्हा हद्दीचे दगड पुरले होते म्हणतात, पण मी लग्न होऊन डहाणूत आले तेव्हाही ते कुणाला सापडत नव्हते. सासऱ्यांनी अंदाजाने शेर लावला. आंब्याचं खोड त्या रेघेत आलं, थोडं इकडे, थोडं तिकडे. शेजारचं घर बंदच असायचं, त्यामुळे झाड आमचं असं आम्ही धरून चाललो होतो.

गेल्या दिवाळीनंतर ते घर वलसाडकडच्या एका कुटुंबाने घेतलं. नवरा, बायको आणि नवऱ्याची म्हातारी आई. त्याला सगळे भाई म्हणू लागले आणि आईला बा. भाई मराठी चांगलं बोलत, धंद्याच्या निमित्ताने शिकलेले. बांना मराठी येत नव्हतं आणि त्यावाचून त्यांचं काही अडतही नव्हतं. घराला वर पत्रे, आत उकाडा. सकाळचं आवरलं की त्या प्लास्टिकची खुर्ची घेऊन आंब्याच्या त्यांच्याकडच्या फांदीखाली बसायच्या, त्या थेट दिवेलागणीला उठायच्या.

भाई एकदोनदा कुरकुरले होते की आंब्याची पानं पन्हळीत अडकतात. मी ऐकून घेतलं, पण तेव्हापासून मनात धास्ती होती. या माणसाने उद्या सरकारी मोजणी मागितली आणि खोड त्यांच्या बाजूला निघालं तर झाड त्यांचं. ज्याला पानांचा त्रास होतो तो स्वतःच्या झाडाचं काय करतो, ते आमच्याच गल्लीत मी पाहिलेलं आहे. आधी फांद्या जातात, मग म्हणतात आता झाड नीट दिसत नाही, मग झाड जातं. ते झाड मला जाऊ द्यायचं नव्हतं. स्वयंपाकघराला दुपारची सावली तेच देतं आणि वर्षभराचं लोणचं, साखरांबा सगळं त्याचंच.

मे महिना सरत आला तेव्हा एका संध्याकाळी भाई फाटकाशी आले. आत या म्हटलं तर आले नाहीत.

"ताई, तुम्ही फोनवर बोलत होता ते बाने ऐकलं. आंबा उतरवताय?"

"हो, रविवारी."

"पूर्ण?"

"पूर्ण. पाऊस लागायच्या आधी मोकळं झालेलं बरं."

ते म्हणाले, "आणि आमची हरकत असेल तर?"

मला वाटलं, आला मुद्द्यावर. याला वाटा हवाय आणि वाट्याच्या वाटेने झाड हवंय. मी म्हटलं, "हरकत कसली, भाई? आंबा आमचा आहे. आजवर आम्हीच उतरवत आलो."

"आजवर?" एवढं म्हणून ते माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिले की मलाच चमत्कारिक वाटलं. मग निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते टेप घेऊन कुंपणापाशी उभे दिसले. खोडापासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून परत खोडापर्यंत. बायको टेपचं दुसरं टोक धरून होती. मी खिडकीतून पाहिलं आणि माझी खात्री पटली. तलासरीला राहणाऱ्या दिराला फोन केला. त्याला असल्या भानगडींची भारी हौस. तो म्हणाला, वहिनी, त्यांच्या आधी आपण मोजणीचा अर्ज टाकू. माझा नवरा म्हणाला, आधी आंबा तर उतरव, मग बघू. मला दोघांचाही राग आला. अर्ज टाकायचा म्हणजे आयुष्यभर कुंपणापलीकडे शत्रू ठेवायचा आणि न टाकावा तर झाड जायची भीती. त्या आठवड्यात भाईंच्या बायकोने कुंपणावरून माझ्याशी एक शब्द काढला नाही. एरवी ती मला वाटीभर काहीतरी दिल्याशिवाय राहत नाही. मीही तोंड फिरवलं.

रविवारी कैनाडहून आमचे नेहमीचे दोघे गडी आले. खांद्यावर दोर, कमरेला कोयता आणि टोकाला जाळी लावलेला लांब बांबू, ज्याला इथे बेडणी म्हणतात. एक जण वर चढला. आणि पलीकडे बा आपली खुर्ची घेऊन आल्या, नेहमीच्या जागेवर मांडली आणि बसल्या. मागे भाई आणि त्यांची बायको, दोघांचेही चेहरे सुतकी.

भाई म्हणाले, "ताई, बा उठणार नाही म्हणते. मी समजावून थकलो."

मी कुंपणापाशी गेले. माझं गुजराती बाजारापुरतं, म्हणून मराठीतच पण सावकाश म्हटलं, "बा, उठा. डोक्यावर आंबा पडेल."

बांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "पडवा दो," त्या म्हणाल्या. "पहेला मने पाडो, पछी आंबो."

आधी मला पाडा, मग आंबा. एवढं गुजराती मला कळत होतं, पण एका आंब्यासाठी ही बाई जिवावर का उदार झाली ते कळेना. तोवर वरच्या माणसाने आमच्या बाजूचे काही आंबे टोपलीतून खाली सोडले होते. मी त्यातला चांगला थोराड एक उचलला आणि कुंपणावरून बांच्या हातात ठेवला. म्हटलं, केवढा आहे बघा, हा टाळक्यात बसला तर?

बांनी तो फिरवून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

"आ तो केरी छे."

"कैरी नाही बा, आंबा आहे. पाडाला आलाय."

भाई पुढे आले. "एक मिनिट. तुम्ही केरी उतरवताय?"

"मग दुसरं काय उतरवणार?"

"आंबो," भाई म्हणाले आणि हाताने खोड दाखवलं.

गुजरातीत केरी म्हणजे आपला आंबा, हे मला माहीत होतं, घाईत मी कैरी ऐकलं एवढंच. आंबो म्हणजे फक्त झाड, हे माहीत नव्हतं. भाईंनाही बाजारात आंबे म्हणतात ते ठाऊक होतं. पण झाडावरच्या सगळ्या पिकाला मराठी माणूस नुसतं 'आंबा' म्हणतो, हे त्यांना नवीन होतं. आठवडाभर ते समजत होते की मी भर मे महिन्यात म्हाताऱ्या बाईच्या डोक्यावरचं झाड तोडणार आहे, शिवाय वर सांगते आहे की आजवर आम्हीच तोडत आलो.

भाईंची बायको आधी हसली. मग हसू आवरेना म्हणून पदर तोंडात धरून आत पळाली. वरचा माणूस फांदीला मिठी मारून हसत होता, तेव्हा मी त्याला आधी खाली ये म्हटलं. मला हसू नंतर आलं. आधी इतकं हलकं वाटलं की मी पायरीवर जाऊन बसले.

मग मी टेपचं विचारलं. भाई ओशाळले. झाड गेल्यावर बांसाठी सावलीची हिरवी जाळी बांधायची तर किती लागेल, ते मोजत होते. हद्दीचं त्यांच्या डोक्यातही नव्हतं. खोड कुणाच्या बाजूला आहे, असं मीच विचारून घेतलं. ते म्हणाले, कुणाला माहीत, तुमच्याच असेल.

आता बोलणं निघालंच होतं, म्हणून पन्हळीवर येणाऱ्या दोन बारक्या फांद्या त्याच माणसाकडून लगेच काढून घेतल्या. बांनी दोन्ही फांद्यांची आधी पाहणी केली. त्यांची पाटी आंब्यांनी भरून दिली तेव्हा त्यांनी वरचे दोन काढून परत केले, डागाळलेले होते म्हणून.

टोपल्या ओढताना खोडाजवळचा शेर पार तुडवला गेला होता. दोनच दिवसांनी मी नव्या कांड्या लावायला बसले. भाई पाण्याची बादली घेऊन आले आणि विचारलं, सरळ लावताय का.

म्हटलं, सरळ कशी लावू, मध्ये खोड आहे. वळसा घालून.

"कुठल्या बाजूने?"

"तुम्ही सांगा."

त्यांनी मागे वळून बांना विचारलं. बांनी खुर्ची न सोडता कुंपणाकडे पाहिलं, पाय लांब केले आणि म्हणाल्या, माझ्या पायांना जागा राहील अशा बेताने लावा.