माशाच्या तेलाची बाटली

शिवणयंत्र दुरुस्त करायला मशीनकाका आले की आधी हत्यारं काढत नसत. सुईखाली चिंधी सरकवायची, डोळे मिटून मशीन चालवायचं आणि नुसतं ऐकायचं, ही त्यांची पद्धत. गिऱ्हाईक कितीही बडबडलं तरी काका मशीनचंच ऐकत. घरी मात्र त्यांचं ऐकायला कोणी नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि एकुलती एक मुलगी लग्नानंतर परदेशात स्थायिक झाली होती.

तिथून ती माशाच्या तेलाच्या गोळ्या पाठवायची. त्यात ओमेगा-थ्री असतं, ते हृदयाला चांगलं, सांध्यांची सूजही उतरते, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. रोज एक घ्यायची. बाटली संपली की काका तसा निरोप टाकत आणि तिचा फोन येई. मग ओघाने गुडघ्यांची विचारपूस व्हायची, नातवाचं कौतुक व्हायचं. एरवी फोन मुका. कामात असलेल्या मुलीला आपण होऊन फोन करायचा नाही, असं काकांनीच ठरवून टाकलं होतं. कोणी सांगितलं होतं, देव जाणे.

संपली नसताना संपली म्हणणं त्यांना जमणारं नव्हतं. तेव्हा त्यांनी बाटलीच भराभर संपवायला घेतली. आधी दोन, मग चार, मग मूठभर. तेलच तर आहे, म्हणायचे आणि पाण्याबरोबर गिळायचे. फोन खरोखरच लवकर लवकर येऊ लागले. हिशेब ठेवायला मुलीला सवड नव्हती, आणि काका तर खुशीतच होते.

एका सकाळी ते शिंपीणबाईंच्या दुकानात मशीन तपासत होते. डोळे मिटून म्हणाले, टाका सुटतोय. सुई बदलली, दोरा सैल केला, पुन्हा ऐकलं. सुटतोच आहे. बाईंनी चिंधी उचलून त्यांच्यासमोर धरली.

"काका, शिवण तर अगदी सरळ आहे."

खरंच सरळ होती. काकांनी मशीनवरचा हात काढला. मशीन थांबलं, पण ठोके चालूच होते. दोन घाईघाईने, एक गाळलेला, मग नुसता गोंधळ. मशीन नव्हे, त्यांची छाती धडधडत होती. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. बाईंनी दुकान तसंच टाकून त्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी छातीला तारा लावून आलेख काढला. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी थरथरताहेत, म्हणून ठोका बेताल झालाय, असं त्यांनी समजावलं. आत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून औषध लिहून दिलं. मग काय काय घेता, हे विचारलं आणि मूठभर गोळ्यांचं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. वयाचाही भाग असतोच, त्या म्हणाल्या, पण हे तेल फार मोठ्या प्रमाणात घेतलं तर काहींना नेमका हाच त्रास वाढतो. आजपासून बंद.

"रोज एकच घ्यायची असते ना? मग इतक्या कशाला घेतल्या?"

काकांनी शिंपीणबाईंकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"बाटली संपली की मुलीचा फोन येतो," ते म्हणाले.

डॉक्टरांनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाल्या की मुलीला आजच कळवा, सगळं खरं सांगा.

घरी येऊन काकांनी आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन तिला फोन लावला. तिकडच्या एवढ्या अवेळी बाबांचा फोन पाहून ती घाबरलीच. त्यांनी ठोक्यांचं सांगितलं, औषधाचं सांगितलं, गोळ्या जरा जास्तच झाल्या हेही सांगितलं. का, ते मात्र ओठांवर येऊन अडकलं. ती रडली, रागावली, मग स्वतःला सावरून म्हणाली, "बरं, त्या बंद. मग आता तुम्हाला काय पाठवू, बाबा?"

काय हवं ते काकांना पक्कं ठाऊक होतं.

"काही नको गं," ते म्हणाले. "इथे सगळं मिळतं."