तक्रार ज्याची, शब्द त्याचेच

भोंडवे सरांची आणि माझी ओळख कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत एका खरखरणाऱ्या रेडिओमुळे झाली. रेडिओ कँटीनच्या मावशींचा होता. मी घाईने म्हणाले, "सर, याचा स्पीकर गेलाय." सरांनी शांतपणे विचारले, "हे मावशी म्हणाल्या की तू?" मला त्यांनी कँटीनमध्ये परत पाठवले. मावशी म्हणाल्या, "शेगडी लावली का हा बोबडा होतो." दोष रेडिओत नव्हताच, विजेच्या शेगडीच्या आणि त्याच्या सामाईक प्लगमध्ये होता.

तक्रार ज्याची आहे त्याच्याच शब्दांत सांगायची, हा सरांचा शिरस्ता आपल्यापैकी, त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी, प्रत्येकाने अनुभवला असेल. तशी सांगितल्याशिवाय सर हातात स्क्रू ड्रायव्हर देत नसत. हा शिरस्ता मला खऱ्या अर्थाने कळला तो शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात.

माझे वडील पाचूबंदरचे मच्छीमार. तरुणपणी ते गावातल्या बँडमध्ये मोठा ड्रम वाजवत. होडीच्या इंजिनाशेजारी आयुष्य गेल्याने त्यांना कमी ऐकू येऊ लागले आणि त्यांनी वाजवणे सोडले. बँडच्या एका जुन्या कॅसेटची आम्ही सीडी करून घेतली होती, पण घरच्या सीडी प्लेअरमधून आवाज येईना. त्याची फक्त डिजिटल जोडणी शाबूत होती. म्हणून सीडीवरच्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारा कन्व्हर्टर मी स्वतः बांधायला घेतला. घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिलीच. जे शिकले ते वडिलांच्या कानापर्यंत पोहोचावे, एवढीच इच्छा होती.

कॉलेजात कन्व्हर्टर उत्तम वाजला. घरी मात्र खालचे स्वर जवळजवळ नाहीसे झाले. अॅम्प्लिफायरचे बासचे बटण पूर्ण फिरवूनही फरक पडेना. वर्गातल्या मित्रांचे मत पडले की दोष वडिलांच्या कानांचा आहे, यंत्राचा नाही. मी सरांकडे गेले आणि बास कमी येतो असे सांगितले. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, की वडील काय म्हणाले.

मी त्यांचेच शब्द सांगितले, "सगले हायत यात, मीच नाय."

सर म्हणाले, "त्यांचे कान जसे आहेत तसे आपण धरून चालायचं. ऐकणाऱ्याला चूक ठरवून दुरुस्ती होत नसते. यंत्र जिथे वाजणार तिथेच तपासू."

रविवारी सर चंदनसारहून आमच्या घरी आले. ते मासे खात नाहीत हे कळल्यावर वडील म्हणाले, "पाचूबंदरात येऊन मासा नको म्हननारा तुमीच पयले, सर." सर हसले आणि त्यांनी कोरा चहा मागून घेतला. दुरुस्तीला त्यांनी हात लावला नाही. कन्व्हर्टरमधून निघालेला आवाज कुठून कुठे जातो, ते मला मोठ्याने सांगायला लावले. सांगता सांगता मी बाहेरच्या वाटेवरच्या कपॅसिटरपाशी अडखळले. मी तो महागाचा, उत्तम जातीचा, पण अगदी लहान क्षमतेचा घेतला होता. कॉलेजच्या अॅम्प्लिफायरचा भार हलका, तिथे तो पुरला. घरच्या जुन्या अॅम्प्लिफायरचा भार जास्त, म्हणून खालचे स्वर तिथेच अडत होते. सरांनी खिशातून मोठ्या क्षमतेचा कपॅसिटर काढून माझ्यापुढे ठेवला. त्यांना अंदाज आधीच आला होता, तरी तो त्यांनी माझ्या तोंडून वदवून घेतला. तो जोडताना सोल्डरचा डाग मीच दिला.

सीडी पुन्हा लावली. वडील स्पीकरला तळहात टेकवून बसले. बोटे हलू लागली. मग ती थांबली आणि ते सरांकडे वळून म्हणाले, "हितं मी ठोका चुकलो." आईने इतक्या वर्षांनी कशाला ते, असे विचारले. ते म्हणाले, "आयकू आला म्हनून तर कललं."

सरांनी त्यांना विचारले, "परत लावू का?" आणि ते दोघे ती एकच चूक पुन्हा पुन्हा ऐकत राहिले.

सर आता साठीत प्रवेश करत आहेत. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. आमच्या हातून चुका होतच राहतील. त्या मन लावून ऐकायला सर खूप वर्षे आमच्याजवळ असोत.