तारीख ताजी, साखर जुनी

अर्धवट प्रश्नाला तिरकं उत्तर देणारी माणसं पुण्यात गल्लोगल्ली आहेत. पण अर्धवट प्रश्नाला उत्तरच न देणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या बायकोचा थोरला भाऊ. वारज्याला आमच्याकडे जेवायला आले आणि हिने कौतुकानं विचारलं, "दादा, आमटी कशी झालीय?" की हे भुरका थांबवून म्हणणार, "मागच्या वेळच्या मानाने, की आईच्या?" "जेव रे गप!" म्हणत ही पळी आपटणार. एकदा एका स्कूटरवाल्यानं कात्रजचा रस्ता विचारला. "कात्रजला कुठं? डेअरीकडे, की सर्पोद्यानातल्या सापांकडे?" तो बिचारा पानवाल्याला विचारून निघूनही गेला, हे मात्र फुटपाथवर उभे राहून दोन्ही रस्ते मनात पक्के करत होते.

कसब्यातल्या ज्या धर्मादाय दवाखान्यात मी हिशेब बघतो, तिथलेच संगणक ते सांभाळायचे. गेल्या वर्षी डेटाबेसची नवी आवृत्ती बसवली आणि डॉक्टरांच्या पडद्यावर रुग्णाच्या शेवटच्या साखरेऐवजी नुसती लाल ओळ यायला लागली. सगळे यांच्या नावानं ओरडत होते. हे शांतपणे ती क्वेरी, म्हणजे डेटाबेसला घालायचा लेखी प्रश्न, वाचत बसले आणि खुशीत येऊन म्हणाले, "भाऊजी, नवीन सॉफ्टवेअर आपल्यातलं निघालं. अर्धवट विचारलं तर उत्तर देत नाही!"

ती क्वेरी त्यांच्या आधीच्या कुणीतरी लिहिलेली. तिचं म्हणणं एवढंच, की प्रत्येक रुग्णाची शेवटची तारीख दे आणि साखर दे. कुठल्या दिवसाची साखर, ते सांगितलेलंच नव्हतं. जुनी आवृत्ती भिडस्त. रुग्णाचे रिपोर्ट कितीही असोत, त्यातल्या कुठल्याही एकाची साखर उचलून ती शेवटच्या तारखेशेजारी मांडायची. मी तिथलाच रुग्ण. जुन्या आवृत्तीतली माझीच ओळ मी मेहुण्यांना काढायला लावली. तारीख अलीकडची होती आणि आकडा गोळ्या सुरू होण्याआधीचा. माझ्या ताळेबंदात असं सापडलं असतं, तर मला घरी बसवलं असतं.

व्यवस्थापकांच्या खोलीत बैठक झाली.

"एक सेटिंग बंद केलं की पूर्वीसारखं चालतं म्हणे. मग करा की!"

"चालत नाही साहेब, खोटं बोलतं. मला दोन दिवस द्या, सगळ्या क्वेऱ्या नीट लिहितो. तोवर डॉक्टरांनी कागदी रिपोर्ट बघावेत. आणि आधीच्या रुग्णांनाही कळवायला हवं, कुणाचा डोस चुकला असेल."

"कळवायला? दवाखान्याला टाळं लावायचंय का?"

मी माझा आकडा पुढे केला. "तुम्ही हिशेब बघा हो," असं मला सांगण्यात आलं. मेहुण्यांनी सेटिंगला हात लावायला साफ नकार दिला. मग बाहेरच्या एका इंजिनिअरनं बसल्या जागेवरून ते बंद केलं, पडदा पूर्ववत झाला, सर्वांसाठी चहा आला आणि त्याच महिन्यात मेहुण्यांना सेवामुक्त करण्यात आलं. का, तर माणूस हेकट. चुकीच्या आकड्याला कधी कुणी हेकट म्हणत नाही. तो सगळ्यांच्या सोयीनं वागतो. मी डॉक्टरांना एकेकाला गाठून सांगितलं. दोघांनी ऐकलं. बाकीचे म्हणाले, "पडद्यावर दिसतंय ना?"

हल्ली सकाळी कामावर जाताना मेहुणे मला फाटकाबाहेर दिसतात. आत सोडायला मनाई आहे, म्हणून रस्त्यावरच उभे असतात. परवा एका आजींना थांबवून विचारत होते, "आजी, साखर दाखवायला आलात? मग रिपोर्टचा कागद डॉक्टरांच्या हातात द्या. ते पडद्यात बघायला लागले, तरी हाच वाचा म्हणा."

"तू कोण रे बाबा इथला?"

"आता कुणी नाही."

आजींनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग पिशवीतून घडी घातलेला कागद काढला, पिशवीवरच ठेवून तळहातानं सरळ केला आणि तो हातात धरून पायऱ्या चढल्या. त्या आत दिसेनाशा होईपर्यंत मेहुणे बघत राहिले. तेवढ्यात रिक्षातून एक म्हातारे गृहस्थ उतरू लागले, तसे हे त्यांना हात द्यायला पुढे झाले.