पोरगा पास आहे

चहा आधी संपवा, मग ऐका. घोट तोंडात असताना ऐकलंत तर ठसका लागेल, आणि त्याचा दोष मला नको. मुंबईत माझी जी फजिती झाली, ती कोणी केली नाही हो. माझी मीच केली. मुळात मी कमी बोलणारा, आणि बोललो ते नेमकं नको तेव्हा!

महाराष्ट्र नुकताच झाला होता. मी मोताळ्याकडचा, दुसरीत शाळा सोडलेला, मुंबईला एका कापसाच्या व्यापाऱ्याकडे लागलो. काम काय? रुईचे नमुने कागदात गुंडाळून या गोदामातून त्या गोदामात पोचवायचे. दिवसभर बस आणि ट्राम. रोजच्या तिकिटांना शेठ कंटाळला आणि त्याने मला महिन्याचा पासच काढून दिला. कुठेही चढा, कुठेही उतरा, कितीदाही!

अहो, राजा झालो मी! रविवारी सुट्टी, तरी सकाळीच दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या बाकावर जाऊन बसायचो. शेवटचा थांबा आला की उतरायचं, त्याच बसने परत. कंडक्टर म्हणायचा, "पास?" मी म्हणायचो, "पास." एवढंच बोलणं. मला तेवढं पुष्कळ होतं.

गावी आईने कौतुकाने कोणाला तरी सांगितलं, "माह्या देवबाजवळ मुंबईचा पास हाये." ही बातमी मोताळ्याच्या बाजारातून निघाली, आणि अमडापूरला पोचली तेव्हा "देवबा मुंबईत पास हाये" अशी होऊन पोचली.

अमडापूरला आमचे लांबच्या नात्यातले सुपडामामा राहत. त्यांची मुलगी गोकर्णा, सातवी पास. तिला मी एका लग्नात पंगतीला वाढताना पाहिलं होतं, आणि त्यानंतर दुसरी कोणी मनात येईना. पण तिने घरात बजावून ठेवलं होतं, नापास नवरा नको. आता दुसरीतून पळालेल्या माणसाने काय आशा धरावी?

आणि एका रविवारी सुपडामामा स्वतः माझ्या खोलीच्या दारात उभे! माझ्या हातचा चहा घेता घेता त्यांनी गोकर्णाच्या लग्नाचा विषय काढला.

"पास हायेत म्हंते तुमी?"

"हाव."

"पक्कं?"

"खिशातच हाये ना, मामा."

"सोबतच ठेवता? लय चांगलं. कोण्या सालचे पास?"

"सालाचा नाही, मामा. दर महिन्याले नवा काढा लागते."

मामांची बशी ओठाशीच थांबली. "दर महिन्याले? बापा बापा! अन् फेल नाही झाले कधी?"

"एकडाव झालतो. तारीख ध्यानात राह्यली नाही. कंडक्टरनं खाली उतरवलं."

"कंडक्टर उतरवते? लय कडक काम दिसते मुंबईचं!"

मला वाटलं, बिचाऱ्याला लेकीची काळजी. एवढ्या मोठ्या शहरात ती फिरेल कशी? म्हणून मी धीर करून म्हणालो, "गोकर्णालेबी पास काढून देईन, मामा."

मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हंजे लग्नानंतर शिकवसान तिले?"

"शिकवाचं काय त्यात? एका दिवसात येते!"

मामांनी उठून मला मिठीच मारली. "चला," म्हणाले, "आता मुंबई दाखवा."

मी त्यांना माझ्या आवडत्या बाकावर नेऊन बसवलं. कंडक्टर आला. एका कारकुनाला म्हणाला, "पास?" तो म्हणाला, "पास." एका बाईंना विचारलं. "पास." मला विचारलं. "पास."

मामांनी मला कोपर मारलं. "इथं कंडक्टरबी शिक्षण पुसते काय? अन् पास असलं का पैसेच घेत नाही?"

मी खिडकीबाहेर समुद्र शोधत होतो. "हाव मामा, पासवाल्याले तिकीट नाही."

तेवढ्यात कंडक्टर मामांपुढे आला. "तिकीट की पास?"

मामा ताठ बसले, पटका सारखा केला आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असे म्हणाले, "पास! चौथी पास! पह्यल्याच डावात!"

"दाखवा."

"सर्टिफिकेट का कोणी बशीत घेऊन फिरते? घरी पेटीत हाये."

"आजोबा, बसचा पास विचारतोय मी."

"बशीचा पास? तो कोण्या शाळेत भेटते?"

झालं! वरचा मजला हसून हसून डोलायला लागला. मामांचा चेहरा उतरला. मला ते बघवेना. मी झटकन माझा पास काढला, त्यांच्या हातात दिला आणि जन्मात बोललो नव्हतो एवढ्या मोठ्याने बोललो, "मामा, हा असा असते पास! तुमीच वाचा. मले तर वाचताच येत नाही!"

हसणं एकदम थांबलं. माणसं मामांकडे बघत होती, मामा माझ्याकडे, आणि मी? मी आपला पुढच्या थांब्याकडे!

मामांचं तिकीट काढलं. खाली उतरल्यावर त्यांनी विचारलं, "म्हंजे तुमी नापास?"

"दुसरीतच सोडली शाळा, मामा."

"मंग आतालोक काऊन नाही सांगतलं?"

"तुमी पुसलंच नाही."

"मंग सकायपासून मी दुसरं काय पुसून राह्यलो होतो बे!"

गाडीत बसेपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. पण गडी सच्चा. मुलगी बघायच्या बैठकीचा दिवस गावी आधीच ठरला होता, तो त्यांनी मोडला नाही. गाडी सुटताना म्हणाले, "या. काय ते पोरीच्या तोंडून ऐका, म्हंजे मी मोकळा."

अमडापूरला पोचलो. ओसरीवर माणसं भरलेली. पोहे देऊन गोकर्णा समोर बसली. बापाने घरी येऊन सगळं सांगितलेलं दिसत होतं, कारण माझा मोठा चुलता तिला काही विचारणार तेवढ्यात तीच मला म्हणाली, "पास आणला काय? पाहू द्या."

मी दिला. तिने उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला.

"हा तर सरला. मांगच्या महिन्याचा हाये."

"हाव?"

"म्हंजे तुमी बशीतबी नापास!"

ओसरी अशी हसली की शेजारची माणसं बघायला आली. मामांनी डोळे पुसले आणि लेकीला विचारलं, "मंग काय सांगू बाई यायले?"

ती खाली मान घालून म्हणाली, "राहू द्या बाबा. पुढच्या महिन्यापासून तारखीचं ध्यान मी ठेवीन."

मला वाटलं, झालं, संपलं. वाईट वाटलं, पण काय बोलणार? मी उठलो, घाईत एकच चप्पल घातली, दुसरी हातात घेतली, सगळ्यांना रामराम केला आणि अंगणातून चालू लागलो.

मामा मागून धावत आले. "अहो, कुठी जाऊन राह्यले? पोरीनं हो म्हटलं ना!"

मी तिथेच उभा. एक चप्पल पायात, एक हातात. आतून गोकर्णाचा आवाज आला, "बाबा, यायले सगळंच वाचून दाखवा लागते!"